अकरा गावांचं पाणी

पुस्तकावर पालथा हात ठेवायचा, समोरच्या मुलाच्या डोळ्यांत पाहायचं आणि म्हणायचं, "दिसलं काय ते सांग. समजलं काय ते मंग."

हे वाक्य मी आठ वर्षं ऐकलं. मंगरूळपीरच्या ज्या शाळेत मी गणित शिकवत होतो, तिथेच हे वाक्य म्हणणारे गृहस्थ शास्त्र शिकवत. आमच्या दोन वर्गांमध्ये भिंत नव्हती, बांबूचा तट्टा होता. त्यामुळे त्यांचे सगळे तास मला आपोआप मिळाले. एका तासात हे वाक्य किती वेळा येतं, ते मी एकदा खडूने रेघा ओढून मोजलं. चौदा वेळा आलं. पंधराव्या वेळी मध्येच घंटा झाली आणि ते अर्ध्यावर राहिलं, म्हणून ते धरलेलं नाही.

त्यांचं नाव मी देत नाही. त्यांना राग आला असता म्हणून नव्हे, उलट आनंदच झाला असता. पण नाव दिलं की ज्यांचं पाणी आम्ही तपासलं त्या गावांची नावं निघतील, आणि ती निघाली की तिथल्या काही बायका मला दारात उभं करणार नाहीत. तेव्हा मास्तर म्हणजे ते, असं आपण धरून चालू. गावांना त्यांनीच एक ते अकरा असे नंबर दिले होते, तेच मी ठेवतो. नाव येईल ते फक्त अकरा नंबरचं, कारण ते त्यांचं स्वतःचं गाव होतं: किन्हीराजा.

घरी शेती. घराण्यात पहिले पदवीधर. अंगाने काटकुळे, कोटाचे दोन्ही खिसे बाटल्यांनी लोंबलेले, आणि बोटं कायम कसल्यातरी रंगाची. आज पिवळी तर उद्या निळी. वर्गात ते घरच्यासारखंच वऱ्हाडी बोलत. हेडमास्तरांनी एकदा सुचवलं की मुलांसमोर जरा शुद्ध बोलावं. मास्तर म्हणाले, "सायेब, यात गाळ काय हाये ते दाखवा, गाळून बोलतो."

शाळेत परीक्षानळ्या चार होत्या. त्यांतली एक बुडाशी तडकलेली, तिच्यात फक्त कोरडे पदार्थ. स्टोव्ह मास्तरांच्या घरचा. तो सकाळी अकराला शाळेत यायचा आणि पाचला परत जायचा. त्यामुळे त्यांच्या घरी दुपारचा चहा चुलीवर होई, आणि त्याबद्दल त्यांच्या पत्नीने माझ्या पत्नीकडे, मला आठवतं तसं, निदान सहा वेळा तक्रार केली होती.

एकदा त्यांनी बियाण्याच्या दुकानातून मोरचूद आणला आणि वर्गात तापवला. पुस्तकात लिहिलं होतं की निळा मोरचूद तापवल्यावर पांढरा होतो. स्टोव्ह भडकला आणि मोरचूद काळपट झाला. मुलांनी वह्यांत लिहिलं, "पांढरा झाला." एकवीस मुलांनी लिहिलं. एकाने लिहिलं, "राखेसारखा काळा झाला व सरांना खोकला आला." मास्तरांनी एकवीस जणांना शून्य आणि त्या एकाला पैकीच्या पैकी गुण दिले.

मी तट्ट्यावरून डोकावून म्हणालो, "मास्तर, पुस्तकाप्रमाणे तर एकवीस जण बरोबर आहेत."

"पुस्तकाले खोकला आला काय?" ते म्हणाले.

त्यांच्या धाकट्या मेव्हणीच्या लग्नात हळदीच्या वेळी त्यांनी सोड्याचं पाणी मागवलं आणि हळद लाल करून दाखवली. बायका जमल्या. कुंकू हळदीपासूनच कसं होतं हे त्यांनी इतक्या तपशिलात सांगितलं की नवरीला हळद लावायचं राहून गेलं आणि मुहूर्त जवळ आला. सासरे माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "गुरुजी, आमच्या जावयाले जरा भायेर नेता काय?"

असं सगळं बरं चाललं होतं. मग एका दिवाळीनंतर शाळेच्या समितीने ठरवलं की येत्या जूनपासून मॅट्रिकच्या वर्गाला रसायन बंद. कारण खरंच होतं: प्रयोगशाळा नाही. ज्याला रसायन हवं त्याने अकोल्याला जावं. जूनमध्ये त्या वर्गात बावीस मुलं जाणार होती. त्यांच्या घरची परिस्थिती मला माहीत होती. बावीसपैकी दोन अकोल्याला गेली असती, फार तर तीन. बाकीच्यांचं रसायन तिथेच संपणार होतं. मास्तरांना कवायत आणि चित्रकला मिळणार होती.

मास्तरांनी वाद घातला नाही. खात्याचे एक साहेब तपासणीला आले होते, त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. साहेब माणूस बरा होता. म्हणाले, "जानेवारीच्या शेवटी अमरावतीला शास्त्र शिकवणाऱ्यांची बैठक आहे. प्रयोगशाळेशिवाय रसायन शिकवता येतं हे तिथे निबंध वाचून दाखवा. माझी खात्री पटली तर विषय चालू ठेवण्याची शिफारस करतो."

त्या संध्याकाळी मास्तर माझ्याकडे आले ते विषय ठरवूनच. म्हणाले, "पानी."

"पाण्याचं काय?"

"कोन्या गावात वरन शिजते, कोन्या गावात नाई. काहून नाई शिजत? पानी जड हाये म्हनून. जड पान्यात साबनाचा फेस येत नाई. म्हंजे साबनाचे थेंब मोजले का पान्याचं जडपन कळते. याले प्रयोगशाळा कायले पायजे?"

पुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन म्हणत. तो शब्द उच्चारताना मुलांची जीभ अडखळे, म्हणून मास्तरांनी तो पहिल्या दिवशीच बाजूला ठेवला होता.

बेत असा होता. दर शनिवारी मुलं आपापल्या गावी जात आणि सोमवारी परत येत. दहा गावांच्या दहा मुलांनी येताना बाटलीभर पाणी आणायचं. अकरावं पाणी मास्तर स्वतः किन्हीराजाहून आणणार. धुण्याचा साबण किसून स्पिरिटमध्ये विरघळवायचा. मोजलेल्या पाण्यात तो डोळ्यांच्या औषधाच्या नळीने थेंब थेंब सोडायचा, हलवायचं, आणि फेस टिकेपर्यंत थेंब मोजायचे. फेस किती वेळ टिकला पाहिजे? आमच्याकडे तसलं घड्याळ नव्हतं. मी सुचवलं की एकोणतीसचा पाढा तीनदा म्हणून होईपर्यंत. पाढा म्हणणारा मुलगा मात्र शेवटपर्यंत एकच, कारण प्रत्येकाचा वेग वेगळा. मास्तरांनी ते लगेच मान्य केलं. माझ्या नोकरीत एकोणतीसचा पाढा अख्ख्या वर्गाला पाठ झाला तो तेवढाच.

अकरा बाटल्या आल्या. प्रत्येक पाणी तीनदा तपासलं. पत्र्यावरून धरून ठेवलेल्या पावसाच्या पाण्याला आठ थेंब लागले. मग एक नंबरला बारा. दोनला अकरा. तीनला तेरा. तक्ता मी केला, सरासरी मी काढली. सर्वांत कमी अकरा, सर्वांत जास्त चौदा.

मला ते खटकलं. अकरा गावं, कुठलं नदीकाठी, कुठलं माळावर, आणि फरक तीन थेंबांचा! माझ्या वर्गातली पोरं एकमेकांचं पाहून लिहितात तेव्हासुद्धा उत्तरं इतकी सारखी येत नाहीत. पण मास्तर इतके हरखले होते की मी पेन उचललं. तक्त्याखाली "आकडे तपासले" असं लिहून सही केली. आकडे मी तपासलेच होते, बेरजा बरोबर होत्या.

"मास्तर," ते मला म्हणाले (आम्ही दोघंही एकमेकांना मास्तरच म्हणत असू), "साऱ्या तालुक्याखाली एकच पानी हाये! वरून गावं येगळी, खालून पानी एक. हे कोनाले मालूम होतं काय?"

कोणालाच मालूम नव्हतं. निबंध लिहून झाला. त्यात एक वाक्य असं होतं: "नमुना क्रमांक चारला मंद सुगंध येतो, कारण अज्ञात." निबंध अमरावतीला गेला. वाचायला पंधरा मिनिटं दिल्याचं उत्तर आलं. मास्तरांनी नवा कोट शिवायला टाकला आणि रिकाम्या वर्गात निबंध मोठ्याने वाचायचा सराव सुरू केला. तट्ट्याच्या अलीकडे मी तो नऊ वेळा ऐकला.

बैठकीला बारा दिवस राहिले होते. शनिवारी संध्याकाळी मी घरी तक्त्याची नक्कल करत बसलो होतो. पत्नी शेजारी तुरीची डाळ निवडत होती. तिने विचारलं, "हा सात नंबर कोनतं गाव जी?"

मी सांगितलं. ते तिचं माहेर.

"किती लिवलं तिथं?"

"बारा."

"म्हंजे चांगलं का वाईट?"

"फारच चांगलं. पावसाच्या पाण्याहून चारच थेंब जास्त."

तिने सूप खाली ठेवलं. "अजी, माह्या माहेरच्या इहिरीच्या पान्यात डाळ टाकली तं सकाळची संध्याकाळ होते, तरी डाळ डोळे वटारून पायते. लगन होऊन इथं आली तवा कुठं मले मालूम पडलं का वरन मऊ असते. आन तुमी बारा लिवता?"

मी म्हणालो, तीनदा मोजलंय.

"तीसदा मोजा," ती म्हणाली आणि परत डाळ निवडू लागली.

रविवारी सकाळी मी मास्तरांना हे सांगितलं. ते नवा कोट घालून पाहत होते. म्हणाले, "वैनींनी साबनाचे थेंब मोजले काय?"

"नाही. डाळ शिजवली. लग्न होईपर्यंत."

त्यावर त्यांनी कोट काढून ठेवला.

सात नंबरचं गाव सव्वापाच मैलांवर. सायकल माझी, मास्तर मागे, साबणाची बाटली त्यांच्या दोन्ही हातांत. खड्डा आला की ते "हळू!" म्हणून ओरडत, स्वतःसाठी नव्हे, बाटलीसाठी. गावच्या विहिरीवर आम्ही पाणी काढलं आणि थेंब सोडायला सुरुवात केली. बारा झाले. वीस झाले. तीस झाले. पाण्यावर दह्यासारखा साका जमला, फेस म्हणाल तर नाव नाही. एकेचाळिसाव्या थेंबाला कुठे तीन पाढे टिकेल असा फेस आला. मास्तर त्या बाटलीकडे इतका वेळ पाहत राहिले की पाण्याला आलेल्या बायका थांबल्या.

मग आम्ही त्या गावच्या मुलाच्या घरी गेलो. त्याची आई गोठ्यातून पदर खोचत बाहेर आली.

"बाई, पोट्ट्यासंगं बाटली देल्ली होती तुमी. ते पानी कुठलं?" मास्तरांनी विचारलं.

"काहून जी? खराब निंघालं काय?" बाई घाबरली.

"नाई, नाई. चांगलं निंघालं."

"निंघनच!" तिचा चेहरा खुलला. "पोट्टा म्हने मास्तरायनं प्यायचं पानी मांगतलं. मी म्हनलं, मास्तरायच्या पोटाचं काई दुखनं असन, मंगरूळचं पानी सोसत नसन. मंग तुमाले का या गावातल्या इहिरीचं पानी देऊ? वावरातल्या इहिरीवर गेली, एक कोस. पाव्हन्यासाठी आमी तिथूनच आनतो. उकळलं, दुहेरी फडक्यानं गाळलं आन मंग भरलं."

"उकळलं बी?" मास्तर म्हणाले.

"मंग! मास्तरासाठी हाये म्हनल्यावर!"

आम्हांला गूळपाणी दिलं. तेही त्याच वावरातल्या विहिरीचं होतं.

परतताना मास्तर सायकलवर बसले नाहीत. मीही उतरलो. दोन मैल आम्ही सायकल धरून चालत होतो. मग ते म्हणाले, "एक बाई अशी निंघाली. बाकीचे दहा बरोबर हायेत."

मी सायकल एका खड्ड्याला वळसा घालून पुढे नेली.

"आन नसले बरोबर, तं अमरावतीहून कोनी बादली घेऊन इथं येऊन राह्यलं काय?"

मी म्हणालो, "मी आकडे तपासले म्हणून सही केली आहे."

ते थांबले. "मास्तर, निबंध वाचू द्या मले. बावीस पोट्टे हायेत. त्यायचं रसायन वाचते. खालचं पानी एक असो का अकरा, कोनाचं काय जाते?"

मी खोटा आकडा आयुष्यात लिहिलेला नाही, पण त्या रस्त्यावर मला "वाचा" म्हणावंसं वाटलं, हेही तितकंच खरं. त्या बावीस मुलांतली निम्मी माझ्याही वर्गात होती. मी एवढंच विचारलं, "अकरा नंबरची बाटली कोणी भरली?"

"मी आनली."

"आणली तुम्ही. भरली कोणी?"

"मायनं," ते म्हणाले. मग लगेच म्हणाले, "माही माय तशी नाई."

सोमवारी त्यांची रजा होती. मंगळवारी सकाळी शाळेआधी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. डोळे लाल, पण ओठ हसण्याच्या बेताला आलेले.

"माय काय म्हने मालूम हाये? म्हने, तुह्या सायेबाले दाखवाची व्हती न बाटली? मंग सायेबाले गावातल्या इहिरीचं पानी दाखवतेत काय? म्हने, मी सून धाडली व्हती नाल्यापलीकडे. मी म्हनलं, माय, मले जड पानी पायजे होतं वं. तं म्हने, जड पानी का दुसऱ्याच्या घरी न्यायची चीज हाये?"

"आणि गावातल्या विहिरीचं?"

"छत्तीस थेंब."

मग वर्गातही उलगडा झाला. मास्तरांनी मुलांना विचारलं, पाणी कोणी भरलं? दहापैकी दहा जणांच्या आयांनी. कोणी वाण्याच्या मळ्यातून आणलं होतं, कोणी तुरटी फिरवली होती. एकीला वाटलं, मंगरूळपीरचं पाणी आटलं, म्हणून तिने दोन बाटल्या पाठवल्या होत्या. चार नंबरच्या सुगंधाचंही कळलं. त्या बाईने पाणी रात्रभर वाळ्याच्या माठात ठेवलं होतं, आणि वर पोहरादेवीच्या तीर्थाचे चार थेंब टाकले होते, मास्तरांना गुण यावा म्हणून. एक नंबरच्या मुलाला मास्तरांनी विचारलं, "मंग तू मले सांगतलं काहून नाई बे?" तो म्हणाला, "सर, तुमी इचारलं नाई."

मधल्या सुट्टीत मास्तर तट्ट्याला वळसा घालून माझ्याकडे आले.

"मोरचुदाच्या येळी मी एकवीस पोट्ट्यायले शून्य देल्लं होतं. आता मले किती द्यायचे?"

मी म्हणालो, "शून्य. आणि मलाही."

"मंग सायकल काढा."

सात दिवसांत नऊ गावं गाठायची होती. शाळा सुटल्यावर रोज एक, रविवारी तीन, सोमवारी शेवटचं. प्रत्येक ठिकाणी त्या गावचा मुलगा विहिरीवर उभा राही. पाणी तोच काढी, थेंब तोच मोजी. पाढा म्हणणारा मुलगा तोच जुना, कधी कोणाच्या बैलगाडीतून, कधी पायी येणारा. एकोणतीसचा पाढा विहिरीवर मोठ्याने सुरू झाला की गाव गोळा होई. तीन नंबरला एका म्हाताऱ्याने विचारलं, "कोनाचं लगन हाये?"

बायका साबण पाहून हळहळत. "एवढ्या साबनात माहे दोन लुगडे धुऊन झाले असते जी." पण थेंब मोजायला त्याच पुढे. पाच नंबरला तर दोन पक्ष पडले. एक म्हणे तिसाच्या आत, एक म्हणे तिसाच्या वर. एकोणतीस निघाले तेव्हा हरलेल्या पक्षाने मुलाने दोन थेंब खाल्ल्याचा आरोप केला आणि पुन्हा मोजायला लावलं. पुन्हाही एकोणतीसच.

तिथेच एका बाईने ती गोष्ट सांगितली, ज्यावर पुढे सगळं उभं राहिलं. मास्तरांनी सहज विचारलं, "बाई, तुमच्या इथं वरन शिजाले किती येळ लागते?"

"अठरा भाकरी," ती म्हणाली.

"अठरा भाकरी म्हंजे?"

"म्हंजे डाळ चढवली का भाकरीले बसाचं. अठरा भाकरी झाल्या का डाळ मऊ." आणि मग शेजारच्या गावाच्या दिशेने हात करून म्हणाली, "माह्या बहिनीच्या घरी तेवीस लागते. तिची सासू त्याच्यावरून तिले बोलते. पानी खराब आन बोलनं सुनेले!"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत आधीच नवा रकाना आखत होतो. दुसऱ्या दिवसापासून आम्ही प्रत्येक गावी आधी भाकरी विचारल्या आणि मग थेंब मोजले. सुगरणीचा हात आणि नवशिक्या सुनेचा हात यांत फरक पडतो, म्हणून मी प्रत्येक गावात पाच जणींना विचारून सरासरी घेतली. आधी होऊन गेलेली गावं वेळात वेळ काढून पुन्हा गाठली आणि विचारलं. सात नंबरचा आकडा पत्नीने मला घरीच दिला: सव्वीस. तोही मी तिच्या माहेरच्या आणखी चार जणींकडून पडताळून घेतला. त्यावरून ती दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

थेंबांप्रमाणे गावांचा क्रम लावला. भाकरींप्रमाणे लावला. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. नऊ नंबर सोडून सगळे क्रम जुळले. नऊ नंबरचं पाणी थेंबांनी जड, पण भाकरी कमी. मास्तर चौकशीला परत गेले. तिथल्या बायका डाळीत चिमूटभर पापडखार टाकत. पापडखाराने पाण्याचं जडपण जातं. मास्तर येताना चिमूटभर घेऊन आले आणि वर्गात जड पाण्यात टाकला. बत्तीस थेंबांचे सतरा झाले.

अमरावतीला मीही गेलो. सभागृहात साठ-सत्तर माणसं होती, मी मोजली तेव्हा चौसष्ट. मास्तरांनी आधी पहिला तक्ता वाचला. अकरा, बारा, तेरा, चौदा. माना डोलल्या. एकाने वहीत टिपून घेतलं. मग मास्तर म्हणाले, "आतापर्यंत वाचलं ते सारं खोटं हाये."

टिपणाऱ्याने पेन्सिल उचलली. मास्तरांनी सगळं सांगितलं: वावरातली विहीर, दुहेरी फडकं, तीर्थाचे चार थेंब, आपल्या आईचं बोलणं. हशा उसळला तो थांबेना. पंधरापैकी नऊ मिनिटं गेली होती आणि दुसरा तक्ता राहिला होता. तो त्यांनी वाचला तेव्हा पुढच्या रांगेतले एक प्राध्यापक उठले.

"भाकर हे माप कुठल्या पद्धतीतलं?"

"सायेब, जवारीची. मध्यम," मास्तर म्हणाले.

पुन्हा हशा. अध्यक्ष म्हणाले, "हे संशोधन झालं की कीर्तन?" मास्तर तिथे उभे राहिले, नव्या कोटात, हातात कागद, आणि सरळच असलेला तो कागद सरळ करू लागले. मला वाटलं, गेलं. बावीस मुलांचं रसायन त्या हशात गेलं.

आमच्या खात्याचे साहेब तिसऱ्या रांगेत होते. ते हसत नव्हते. त्यांनी बसल्या बसल्या विचारलं, "दुसऱ्या वेळी थेंब कोणी मोजले?"

"नऊ गावांत नऊ पोट्ट्यायनं. सातव्यात आमी दोघायनं, अकराव्यात मी मोजले. माय उभी होती नजर ठेवाले."

"आणि पहिला तक्ता चुकला हे कोणी काढलं?"

मास्तरांनी मागे माझ्याकडे बोट केलं. मी उभा राहून सांगितलं, "माझ्या पत्नीने."

साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. अध्यक्षांनी घंटा वाजवली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं: रसायन दोन वर्षं प्रायोगिक म्हणून चालू ठेवावं. समितीने ते कुरकुरत मान्य केलं. दोन वर्षांनंतर बंद करायची आठवण कोणालाच राहिली नाही. त्या बावीसपैकी चौदा मुलांनी रसायन घेऊन मॅट्रिक दिली आणि तेरा पास झाली. चौदावा पाढे म्हणणारा. तो इंग्रजीत गेला.

पुढे चार वर्षांनी मास्तरांना शिक्षक तयार करणाऱ्या एका विद्यालयात बोलावलं. जाताना ते माझ्याकडे दोन्ही तक्ते ठेवून गेले. खोटा वर, खरा खाली. पत्रं येत. तिथल्या विहिरींचे थेंब, तिथल्या भाकरी, आणि स्टोव्ह आता दिवसभर घरी असतो म्हणून घरचे खूश, असा मजकूर. एका पावसाळ्यानंतर आलेलं पत्र त्यांच्या मुलाच्या अक्षरात होतं. ते मी मधल्या सुट्टीत वाचलं आणि पुढचे दोन तास नेहमीप्रमाणे घेतले. दोन्ही तासांत फळ्यावरची उदाहरणं चुकली. मुलांनी एकही चूक दाखवली नाही.

त्याच आठवड्यात शाळेत रसायनाचे नवे शिक्षक रुजू झाले. तरुण, हुशार, पुण्याकडचे. हेडमास्तरांच्या सांगण्यावरून मी त्यांना वर्गावर नेऊन सोडलं आणि दाराशी थांबलो. त्यांनी पुस्तक उघडलं आणि म्हणाले, "आज दुष्फेन पाणी. पण आधी आपल्याला ते तयार करावं लागेल. इथे चुन्याची निवळी कुठे मिळेल?"

वर्ग एकमेकांकडे पाहू लागला. मग मागच्या बाकावरचा एक जण उठला.

"सर, तयार कायले करता? आमच्या गावचं आनतो न!"

"हट! याच्या गावचं काय जड हाये, सर! अठरा भाकरीचं तं हाये. आमचं आना, सव्वीस भाकरी!"

"आमच्या पान्यात साबनच इरघळत नाई, सर!"

"खोटं! कवा मोजलं होतं बे तुमी?"

चार जण उभे, दोन बाकांवर चढलेले, आपापल्या गावचं पाणी किती वाईट हे एकमेकांच्या वरताण सांगताहेत. नवे शिक्षक घाबरून माझ्याकडे पाहू लागले. मी त्यांना हातानेच "थांबा" अशी खूण केली. शेवटी वर्गाने आपसांतच ठरवलं की शनिवारी सव्वीस भाकरीवाल्याने जावं आणि सोमवारी पाणी आणावं. तो छाती काढून खाली बसला. तेवढ्यात शेजारच्याने त्याच्या पाठीत बुक्की मारली.

"पन तूच भरजो बे," तो म्हणाला. "बाटली मायच्या हाती नको देऊ."